पावसाचं बटण आणि आईची अट

पत्र: काका, नमस्कार. मी मार्गताम्हाण्याचा, वय २४. लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट बदलती असते. रोजचे येऊन-जाऊन ७० किलोमीटरच्या आसपास होतात आणि परशुराम घाट दोनदा लागतो. आतापर्यंत बाबांची जुनी १०० सीसीची गाडी चालवली. आता सेकंड हँड स्पोर्ट बाइक घ्यायची आहे. तीन बघून ठेवल्या आहेत: २०२२ नंतरची केटीएम आरसी ३९०, मोडवाली टीव्हीएस अपाचे आरआर ३१० आणि कावासाकी निन्जा ३००. मित्र म्हणतात, मोड आणि ट्रॅक्शन कंट्रोल हे शोरूमचं नाटक आहे, खरा रायडर मनगटाने गाडी चालवतो, शर्यतवाल्यांना कुठे लागतं असलं काही. मामा म्हणतो, खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक्स दोन पावसाळे टिकणार नाही. आई भिशीचे पैसे द्यायला तयार आहे, पण तिची अट एकच: पावसात न घसरणारी गाडी घे. तिने कुणाच्या तरी मोबाइलवर ‘रेन मोड’ बघितला आहे. मी काय करू?

उत्तर:

आधी आईच्या अटीचं बघू, कारण पैसे तिचे आहेत आणि रात्रपाळी संपवून तू घरी येईपर्यंत जागी राहणारीही तीच आहे. पावसात न घसरणारी दुचाकी अजून कुणी बनवलेली नाही. हे तिला तूच सांग, आणि पैसे हातात घेण्याआधी सांग. रेन मोड दाखवून तिची समजूत काढलीस, तर ज्या गोष्टीसाठी ती पैसे देतेय ती तिला मिळणारच नाही.

आता तुझा प्रश्न. मोड (बटणाने इंजिनची ताकद कमी-जास्त करणं), एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक गरगरू न देणारी यंत्रणा), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) ही सगळी नावं जाहिरातीत एका ओळीत येतात, म्हणून आपण ती एका माळेतली समजतो. गॅरेजात इतकी वर्षं काढल्यावर मी त्यांची दोनच गटांत वाटणी करतो. काही यंत्रणा आपणहून जाग्या असतात. तू विसरलास, घाबरलास, दमलेला असलास तरी त्या आपलं काम करतात. बाकीच्या, म्हणजे मोडसारख्या, तुझ्या बोटाची वाट बघत बसतात. मी पैसे मोजतो ते पहिल्या गटासाठी. तुझ्यासारख्या रोज घाट उतरणाऱ्या मुलालाही माझा सल्ला तोच आहे.

हा फरक मला कसा कळला ते सांगतो. तुझ्याच वयाचा होतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून मासळी भरून निघालेल्या एका गाडीमागून हातखंब्याकडे चाललो होतो. मासळीच्या गाडीतून बर्फाचं पाणी गळतं ते तू बघितलं असशील. त्यात माशाचं तेल असतं आणि रस्त्यावर त्याची एक काळपट ओली रेघ उमटत जाते. पाऊस नव्हता, रस्ता सरळ होता, वेग पन्नाशीचा. डावीकडच्या दगडी गडग्याआडून एक पाडा उडी मारून रस्त्यावर आला. मी पुढचा ब्रेक मुठीत आवळला. पुढचं चाक त्या रेघेवर होतं. ते फिरायचं थांबलं आणि मी पडलो. ‘गाडी घसरतेय’ असं वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. आधी लिव्हर हातात होती, मग गाल डांबरावर आणि तोंडात मासळीचं पाणी. गळपट्टीचं हाड मोडलं. पाडा पळून गेला.

त्या गाडीला १० मोड असते तरी मी पडलोच असतो. मी रेस दिली नव्हती, ताकदीचा तिथे संबंधच नव्हता. मला वाचवलं असतं ते एबीएसने. चाकाबरोबर खाचा पाडलेली एक कडी फिरत असते आणि तिच्यासमोरचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजत असतो. चाक अडकायला लागलं की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरते, एका सेकंदात कितीतरी वेळा. घाबरलेल्या माणसाच्या मुठीला हे जमत नाही. मूठ एकदा आवळली की आवळलेलीच राहते.

म्हणून एबीएसवर तडजोड करू नकोस, आणि ते दोन्ही चाकांना हवं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, पण काही गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. त्यालाच सिंगल चॅनल म्हणतात. तू बघितलेल्या निन्जा ३०० चं वर्ष नीट तपास. तिच्या सुरुवातीच्या भारतीय गाड्या बिनाएबीएसच्या होत्या. इंजिन मस्त आहे, आवाज गोड आहे, किंमत कमी आहे असं सांगून तशी एखादी गळ्यात मारतील. ती घेऊ नकोस.

यापुढची पायरी म्हणजे कलंडलेल्या गाडीचं एबीएस, आणि तुझ्या निवडीत खरा फरक इथेच पडतो. साधं एबीएस गाडी सरळ उभी असताना उत्तम काम करतं. वळणात गाडी कललेली असताना टायरची बरीचशी पकड गाडीला वळवण्यातच खर्च झालेली असते. त्याच वेळी जोरात ब्रेक मारला, तर साध्या एबीएसने दाब सोडेपर्यंत उशीर होऊ शकतो. शिवाय पुढचा ब्रेक बसला की कललेली गाडी उभी व्हायला बघते आणि वळण सोडून सरळ जाते. घाटात ते सरळ जाणं म्हणजे समोरच्या एसटीच्या खाली नाहीतर कठड्याच्या पलीकडे. गाडी किती कलली आहे ते मोजणारा सेन्सर असेल, तर ब्रेकचा दाब त्या झुकावाच्या हिशेबाने वाढवला जातो. मोटरसायकलला इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आलं. झुकाव ओळखणारी बॉश कंपनीची यंत्रणा २०१३ मध्ये केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचरवर आली. ती तेव्हा फार महागडी गाडी होती. २०२२ च्या आरसी ३९० वर, म्हणजे ३७३ सीसीच्या गाडीवर, तीच कल्पना आपल्या आवाक्यात आली. त्याच गाडीत झुकाव बघणारं ट्रॅक्शन कंट्रोलही आहे.

आणि गंमत बघ, त्या आरसीत पॉवरचे मोड नाहीत. अपाचे आरआर ३१० ला २०२० मध्ये चार मोड मिळाले: अर्बन, रेन, स्पोर्ट आणि ट्रॅक. स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये ३४ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), अर्बन आणि रेनमध्ये २५.८ पीएस. गाडी चांगली आहे, दोन्ही चाकांना एबीएस आहे, आणि मोडबरोबर एबीएसचा स्वभावही बदलतो. पण तुझ्या रस्त्यावर ते बटण काय करतं याचा विचार कर. पावसात परशुराम घाट तू ४०-५० च्या वेगाने चढतोस. त्याला १० हॉर्सपॉवरसुद्धा पुरून उरते. रेन मोडने वरची ८ कापली, पण तू ती वापरतच नव्हतास. एक फायदा खरा आहे: रेस दिल्यावर गाडी अंगावर येत नाही, हळुवार उचलते. नव्या हाताला, गारठलेल्या बोटांना ते बरं वाटतं. पण ते मनगटाने शिकता येतं. १०० सीसीवरून आलेला मुलगा महिनाभरात शिकतो. ३०-४० पीएसच्या गाडीपुरतं, मोडबद्दलचं तुझ्या मित्रांचं म्हणणं मला मान्य आहे.

मोडची दुसरी अडचण आपल्या पावसाची आहे. मार्गताम्हाण्याला ऊन, चिपळूणला सर, घाटात धुकं, लोट्याला कोरडं, हे सगळं एका तासात. प्रत्येक वेळी बटण दाबणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सकाळी रेनवर टाकलेली गाडी दुपारी तशीच राहते. मग संध्याकाळी कंटेनरला ओव्हरटेक करताना रोजच्या सवयीने रेस देतोस आणि गाडी सवयीप्रमाणे ओढत नाही. समोरून येणाऱ्या टेम्पोच्या तोंडावर ते कळलं तर काय करशील? मोडची गाडी घेतलीस तर एकच मोड ठरव आणि बाराही महिने त्यातच चालव. हाताला गाडीचा एकच स्वभाव ठाऊक असावा.

मग मोड निघाले कशासाठी? ते मोठ्या गाड्यांसाठी निघाले. सुझुकीच्या जीएसएक्स-आर१००० ला २००७ मध्ये इंजिनच्या ताकदीचे तीन मॅप, म्हणजे मोडच, निवडायची सोय आली. बीएमडब्ल्यूने २००९ मध्ये १९३ हॉर्सपॉवरची एस१०००आरआर काढली, तेव्हा तिचा रेन मोड ताकद १५० वर आणत होता. अशा गाडीत दुसऱ्या गिअरला मूठ जराशी जास्त फिरली तरी कोरड्या रस्त्यावरही मागचं टायर सुटतं. तिथे मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, पुढचं चाक उचलू न देणारी यंत्रणा, सगळं हवंच. उद्या तुझ्या दारात १००० सीसीची गाडी उभी राहिली, तर मी आज लिहितोय त्याच्या उलट लिहीन. बिनइलेक्ट्रॉनिक्सची लिटरबाइक, म्हणजे १००० सीसीची गाडी, मी माझ्या भाच्याला कोकणातल्या पावसात चालवू देणार नाही.

‘शर्यतवाल्यांना लागत नाही’ हे मित्रांना कुणी सांगितलं माहीत नाही, पण ते खरं नाही. मोटोजीपी या जागतिक शर्यतीतल्या गाड्यांवर ट्रॅक्शन कंट्रोल असतं, आणि २०१६ पासून तर सगळ्या संघांना एकच ठरवून दिलेलं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. एबीएस मात्र ते वापरत नाहीत. तेवढ्यावरून तू काही ठरवू नकोस. त्यांना प्रत्येक वळण पाठ असतं, टायर गरम करून दिलेलं असतं आणि गडग्याआडून पाडा येत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्याचा उपयोग बऱ्याच जणांना कळत नाही. दोन वर्षांमागे एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला चाललो होतो. ओहोटी होती. जेटीचा खालचा उतार हिरवागार झाला होता आणि बोटीचा लोखंडी रॅम्प ओला. पुढचं चाक रॅम्पवर चढलं, मागचं शेवाळावर होतं. जराशी रेस दिली आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला. इंजिनचा आवाज अडखळल्यासारखा झाला आणि गाडी फूट-फूट पुढे सरकत वर आली. माझ्या मागे बिनट्रॅक्शनची गाडी होती. तिचं मागचं चाक जागेवरच गरगरलं आणि गाडी बाजूला फिरली. बोटीवरच्या पोरांनी धरली म्हणून पडली नाही. मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरतंय असं दिसलं की यंत्रणा इंजिनचा जोर कमी करते, एवढंच तिचं काम. झेब्रा क्रॉसिंगचे ओले पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे, पेट्रोल पंपाबाहेरचं डिझेल, इथे ती मदत करते. पण दोन्ही चाकं एकदम बाजूला सरकली, तर ती बघत राहते. परशुराम घाटात डोंगर कापल्यापासून पावसात खाली येणारा तांबडा चिखल तू रोज बघतोस. वळणात तो चाकाखाली आला तर ना एबीएस उपयोगी, ना ट्रॅक्शन, ना झुकावाचा सेन्सर. तिथे फक्त वेग कमी असणं उपयोगाचं.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून बघ. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे १७ मीटर तू काहीच न करता पुढे गेलास. मग ओल्या पण स्वच्छ डांबरावर, चांगल्या टायरने, पूर्ण ब्रेक मारून आणखी २८ मीटरच्या आसपास. एकूण ४५. हेच ताशी ४० ने कर: ११ आणि १२-१३, एकूण २४. वेग एक तृतीयांशाने कमी केलास आणि अंतर जवळपास निम्म्यावर आलं. मिरगाच्या पहिल्या सरींत, वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते तेव्हा, हे आकडे आणखी वाईट होतात. ते आठ दिवस मी स्वतः एसटीने जातो.

मामाच्या बोलण्यात तथ्य आहे. खारी हवा आणि आपला दमटपणा तारांचे जोड खातात हे मी रोज बघतो. मात्र बिघडतं ते बहुतेक वेळा साध्या कारणाने: चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल वाळून बसणं, कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरणं, बॅटरी कमजोर होणं, घुशी-उंदरांनी तारा कुरतडणं. गाडी धुताना जोराची पिचकारी सेन्सरवर आणि कनेक्टरवर धरू नकोस. पावसाळ्याआधी कनेक्टर उघडून, साफ करून, इलेक्ट्रिकचं ग्रीस लावून घे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल, किलोमीटर कमी झाले असले तरी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. जुनं, पाणावलेलं ऑइल एबीएसचा पंप आतून गंजवतं, आणि तो पंप गेला की बिलाचा आकडा बघून घाम फुटतो. एवढं केलंस तर दोन काय, कितीतरी पावसाळे जातील. शिवाय एबीएस बंद पडलं तरी ब्रेक बंद पडत नाहीत. ते साध्या ब्रेकसारखे लागतात आणि डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहतो, हे मामाला सांग.

तर माझा क्रम असा. पहिली आरसी ३९०, अट एकच, की रोजचे ७० किलोमीटर त्या वाकलेल्या बसण्यात तुझ्या मनगटांना आणि पाठीला जमले पाहिजेत. मालकाला विचारून निदान तासभर चालवून बघ. तिच्यात ‘सुपरमोटो’ नावाची एक सोय आहे, ती मागच्या चाकाचं एबीएस बंद करते. तिला कधीही हात लावू नकोस. शरीर नाही म्हणालं तर एबीएसवाली निन्जा ३००. तिला मोड नाहीत, ट्रॅक्शन नाही, थ्रॉटल साध्या केबलची. ती घेतलीस म्हणून काही कमी पडलं असं वाटून घेऊ नकोस. ३९ पीएसची, मवाळ स्वभावाची गाडी आहे. अपाचे आवडली असेल, जवळ सर्व्हिस असेल आणि भावात बसत असेल तर तीही खुशाल घे. फक्त मोडसाठी म्हणून वर पैसे देऊ नकोस.

ते वाचलेले पैसे टायरला लाव. सेकंड हँड स्पोर्ट बाइकचं टायर वरून छान दिसतं आणि आतून लाकूड झालेलं असतं. बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२१’ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपलीकडचं टायर असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, भावातून त्याची किंमत वजा कर आणि नवीन बसव. सगळी इलेक्ट्रॉनिक्स शेवटी त्या टायरच्या पकडीवरच काम करते.

गाडी आली की पहिल्या रविवारी पहाटे एखाद्या सड्यावरच्या मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर जा. मागेपुढे कुणी नाही बघून ३० च्या वेगाने दोन्ही ब्रेक जोरात मार, मग ४० ने, मग ५० ने. एबीएस चालू झालं की लिव्हर बोटांखाली थरथरते आणि पायाखाली पेडल धडधडतं. पहिल्यांदा माणूस दचकून ब्रेक सोडून देतो. वीस-पंचवीस वेळा कर, दचकणं जाईपर्यंत. घाटात पहिल्यांदा ते जाणवलं आणि तू सोडलंस, तर यंत्रणा असून नसल्यासारखीच.

बघायला जाशील तेव्हा सकाळी जा, इंजिन गार असताना. किल्ली मालकाला फिरवू देऊ नकोस, स्वतः फिरव आणि एबीएसचा दिवा बघ. किल्ली फिरवल्यावर तो पेटला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. विझतच नसेल तर यंत्रणेत दोष आहे. मुळात पेटतच नसेल तर कुणीतरी तो लपवला आहे, तिथून उठ आणि घरी ये. आईलाही बरोबर ने. भिशीचे पैसे तिचे आहेत, तो दिवा पेटतो आणि विझतो ते तिलाही दाखव.